जुन्या यंत्रांची सोयरीक
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनाच्या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, सहकार, बालसंगोपन अशा भारदस्त विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे झालेली आहेत. त्या मालिकेत सिंथेसायझर आणि ड्रम-मशीन ही जोडी कशी काय शोभावयाची, अशी शंका आपल्या चिटणीसांनी मजजवळ बोलून दाखविली. शंका रास्त आहे. परंतु आपल्यापैकी कित्येक घरांत ऑर्केस्ट्रात, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात किंवा वरातीत वाजविणारा एखादा तरी मनुष्य होऊन गेला आहे, आणि त्याचे वाद्य आज कापडात गुंडाळून माळ्यावर पडलेले आहे. अशी वाद्ये दुरुस्त करण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा माळ्यावरच्या त्या वाद्याविषयीच मी आज चार शब्द बोलणार आहे, असे समजावे. पंचांग पाहून दोन कुळे जुळविण्याचे काम आपली संस्था करतेच. मी दोन यंत्रे जुळवितो, एवढाच काय तो फरक.

प्रथम ह्या दोन्ही वाद्यांची ओळख करून दिली पाहिजे. सिंथेसायझर म्हणजे विजेच्या कंपनांतून स्वर निर्माण करणारे वाद्य. त्यात तार नाही, भाता नाही, पत्तीही नाही. ड्रम-मशीन म्हणजे आधी बसवून दिलेला ठेका न थकता वाजवीत राहणारे तालयंत्र. जपानात ओसाका येथे इकुतारो काकेहाशी ह्या गृहस्थांनी १९७२ साली रोलॅंड ही कंपनी काढली. तिचे टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० साली, त्याचे धाकटे भावंड टीआर-६०६ हे १९८१ साली आणि जुनो-६० हा सिंथेसायझर १९८२ साली बाजारात आला. ८०८ ची सुमारे १२,००० नगे निघाली आणि १९८३ साली त्याचे उत्पादन थांबले. थांबण्याचे कारण मोठे मौजेचे आहे. त्याच्या आवाजात जो एक सळसळाट आहे तो सदोष ट्रान्झिस्टरांमुळे येत असे, आणि काकेहाशींनी ते सदोष ट्रान्झिस्टर जाणूनबुजून विकत घेतले होते. पुढे कारखान्यांचे काम सुधारले, सदोष माल मिळेनासा झाला आणि यंत्रही बंद पडले.

आता मुख्य अडचणीकडे वळू. पेटीवाला आणि तबलजी बरोबर बसतात तेव्हा लय कोणी कोणाला लिहून देत नाही. एकाने किंचित ओढले तर दुसरा सावरून घेतो. नजरेला नजर भिडते आणि दोघेही समेवर एकदम येतात. यंत्राला डोळे नाहीत आणि कानही नाहीत. सिंथेसायझरमध्ये आर्पेजिओ नावाची सोय असते. बोटांखाली दाबून धरलेले स्वर ती एकामागून एक आपोआप वाजविते. त्या स्वरांचा वेग एका लहानशा बटणाने ठरतो, आणि ठेक्याचा वेग तालयंत्रावरच्या दुसऱ्या बटणाने. ही दोन बटणे हाताने कितीही काळजीपूर्वक जुळविली तरी ती जुळत नाहीत. मिनिटाला १२० मात्रा अशी लय धरली आणि दोन यंत्रांत शंभरात एकाचा फरक राहिला, तर एका मिनिटाच्या आतच एका मात्रेहून अधिक अंतर पडते. श्रोत्याला कारण कळत नाही. पण काहीतरी घसरले आहे हे त्याला बरोबर कळते.

ह्यावर उपाय एकच. दोघांपैकी एकाने मात्रा मोजावयाची आणि ती मोजणी विजेच्या स्पंदांच्या रूपाने दुसऱ्याला पोहोचवावयाची. रोलॅंडने एका मात्रेचे २४ स्पंद ठरविले. १२० च्या लयीत सेकंदाला दोन मात्रा, म्हणजे सेकंदाला ४८ स्पंद होतात. २४ ह्या आकड्यात मोठी सोय आहे. त्याला २, ३, ४, ६, ८ आणि १२ ह्या सर्वांनी निःशेष भाग जातो. त्यामुळे मात्रेचे चार भाग करणारी चतुस्र चाल आणि तीन भाग करणारी तिस्र चाल ह्या दोन्ही त्यात बसतात. पाचाने मात्र भाग जात नाही. तेव्हा मात्रेचे पाच भाग करणाऱ्या खंड जातीला ह्या जपानी हिशेबात जागा नाही. आपल्याकडच्या एखाद्या मृदंगवाद्याला विचारले असते तर त्याने निराळा आकडा सुचविला असता, असे मला पुष्कळदा वाटते.

दुर्दैवाने सर्व कारखानदारांनी एकच आकडा धरला नाही. कॉर्गने आणि अमेरिकेतील रॉजर लिन ह्यांनी ४८ धरले. ओबरहाइमने तर ९६. रोलॅंडचे यंत्र कॉर्गच्या यंत्राला सरळ जोडले की एक दुप्पट धावते किंवा दुसरे निम्म्याने रेंगाळते. सारेच बिघडले आहे अशी समजूत करून घेऊन वाद्ये माझ्याकडे आणणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत. वास्तविक त्यांच्या वाद्यांत काडीचाही दोष नव्हता. दोन घरांतील पंचांगे निराळी, एवढेच.

जोडणीच्या सॉकेटाचाही असाच घोटाळा आहे. रोलॅंडने ह्या कामासाठी पाच खिळ्यांचे गोल जर्मन सॉकेट वापरले. ज्यांच्या घरी जुना ग्रुंडिग टेप-रेकॉर्डर होता त्यांना ते ओळखीचे वाटेल. पुढे कॅलिफोर्नियातील डेव्ह स्मिथ आणि काकेहाशी ह्यांच्या पुढाकाराने सर्व कंपन्यांना समान अशी मिडी नावाची भाषा ठरली आणि जानेवारी १९८३ मध्ये दोन निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडून तिचे प्रात्यक्षिक दाखविण्यात आले. ह्या कार्याबद्दल त्या दोघांना २०१३ साली ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. मिडीनेही मात्रेला २४ हाच आकडा कायम ठेवला, आणि सॉकेटही तेच पाच खिळ्यांचे घेतले. परंतु आतील व्यवहार पूर्णपणे निराळा आहे. जुन्या पद्धतीत पहिल्या खिळ्यावर सुरू आणि थांब ही आज्ञा, दुसऱ्यावर जमीन आणि तिसऱ्यावर स्पंद असतो. मिडीत चौथ्या आणि पाचव्या खिळ्यांतून सेकंदाला ३१,२५० ह्या वेगाने सांकेतिक संदेश जातात. दोन सॉकेटे दिसावयास जुळ्या भावांसारखी असली तरी एकाची तार दुसऱ्याला लावून काही साधत नाही. मध्ये दुभाषी लागतो. शिवाय हे खिळे ओळीने १, २, ३, ४, ५ असे नसून १, ४, २, ५, ३ असे असतात. डाख देताना सॉकेट उलट बाजूने धरलेले असते, म्हणजे तोही क्रम उलटा दिसतो. नवशिक्याच्या हातून तार चुकते ती बहुधा येथेच.

मिडी येण्याच्या आधीच्या काळात हे जुळविण्यासाठी लोकांनी काय काय खटाटोप केले, त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील आहे. मॅंचेस्टरच्या न्यू ऑर्डर ह्या वाद्यवृंदाने मार्च १९८३ मध्ये ‘ब्लू मंडे’ हे गीत प्रसिद्ध केले. त्यात ओबरहाइमचे डीएमएक्स हे तालयंत्र आहे आणि मूग सोर्स हा सिंथेसायझर आहे. सिंथेसायझरला स्वर पुरविणारे यंत्र बर्नार्ड सम्नर ह्याने सुट्या भागांच्या संचातून स्वतःच्या हाताने जोडलेले होते. आता हे घरगुती यंत्र आणि ते तालयंत्र एकमेकांशी बोलणार कसे? मार्टिन अशर नावाच्या एका वैज्ञानिकाने त्यासाठी मुद्दाम एक विद्युत्-मंडल आखून दिले आणि दोघांची मोजणी एक झाली. पुढचा भाग अधिक गोड आहे. स्वर एकेक करून यंत्रात भरण्याचे काम गिलियन गिल्बर्ट हिच्याकडे होते. तिने ते लांबलचक कागदावर मांडून घेतले होते. पण भरताना एक स्वर राहून गेला. परिणामी सुरावट ठेक्यापासून किंचित सरकली, आणि ऐकणाऱ्यांना तेच आवडले. बारा इंची एकेरी तबकड्यांमध्ये जगात सर्वांत अधिक खपलेली तबकडी म्हणून आज तिचे नाव घेतले जाते.

आपल्या मुंबईचे उदाहरण ह्याहूनही एक वर्ष आधीचे आहे. चित्रपटसंगीतात वादन करणारे चरणजित सिंग ह्यांनी १९८२ साली रोलॅंडचा ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र आणि टीआर-८०८ एकत्र जोडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजविले. त्यांत भैरव आहे, ललत आहे, यमन, कलावती, मालकंस आहेत. तबकडी खपली नाही. पुढे १९८७ साली शिकागोहून त्याच ३०३ यंत्राचा नाद घुमविणारे ‘अॅसिड’ नावाचे संगीत निघाले आणि जगभर गाजले. २०१० साली चरणजितांची तबकडी पुन्हा प्रकाशित झाली तेव्हा युरोपातील रसिक चकित झाले, कारण तोच नाद मुंबईत पाच वर्षे आधी उमटलेला होता. वृद्धापकाळी त्यांना परदेशांत वाजविण्याचे बोलावणे आले आणि २०१५ साली ते निवर्तले. एका बाजूला रागाचा विस्तार आणि दुसऱ्या बाजूला यंत्राची न ढळणारी लय. हा मेळ सर्वांनाच रुचेल असे मी म्हणणार नाही. मला स्वतःला त्यातील मंद गतीचा आलाप ऐकावासा वाटतो आणि ठेका सुरू झाला की थोडी हुरहुर लागते. परंतु त्या माणसाच्या धाडसाला मी नमस्कार करतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी आपल्याच ज्ञातीतील एक भगिनी आपल्या वडिलांचा जुनो-६० घेऊन माझ्याकडे आल्या. वडील ऑर्केस्ट्रात वाजवीत असत. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली होती. बरोबर त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा होता. त्याने पैसे साठवून एक जुने टीआर-६०६ मिळविले होते आणि आजोबांचे वाद्य त्याच्या तालावर चालावे अशी त्याची इच्छा होती. त्यासाठी मागच्या पत्र्याला भोक पाडून तालयंत्राचे सॉकेट बसवावे, असे त्याचे म्हणणे. आईचे म्हणणे नेमके उलट. “दादा, बाबांच्या वेळी जसं होतं तसंच राहू दे. कुणी आत हात घातलेला मला चालायचा नाही.” मुलगा म्हणाला, “आई, न वाजवता नुसतं ठेवून काय करायचं?” दोघांचेही डोळे भरून आले होते. मी आधी झाकण काढले.

जुनो-६० मध्ये ५६ नाद साठविता येतात. तो साठा आतील तीन व्होल्टच्या एका बॅटरीवर जिवंत राहतो, आणि ती बॅटरी डाख देऊन पक्की बसविलेली असते. मी मीटर लावून पाहिले, दाब २.१ वर उतरला होता. म्हणजे वाद्याला कोणी हात लावला नसता तरी त्या गृहस्थांनी वर्षानुवर्षे कान लावून तयार केलेले नाद थोड्याच दिवसांत आपोआप पुसले गेले असते. आणि बॅटरी बदलण्यासाठी जुनी काढली की त्या क्षणी साठा जातोच. भगिनींना मी हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक वही काढली. तिच्यात वडिलांच्या अक्षरात क्रमांक आणि त्यांपुढे गाण्यांची नावे होती. बॅंक ३, क्रमांक ५ च्या पुढे फक्त “बासरी, पावसाच्या गाण्याला” एवढेच लिहिलेले होते.

सुदैवाने ह्या वाद्याला टेपची सोय आहे. साठ्यातील सर्व नाद एका कर्कश आवाजाच्या रूपाने बाहेर काढून कॅसेटवर मुद्रित करता येतात आणि पुन्हा आत भरता येतात. आम्ही कॅसेट-रेकॉर्डर आणला. शिवाय तोच आवाज मुलाच्या संगणकावरही घेतला. मुद्रण बरोबर झाले की नाही हे वाद्य स्वतःच ताडून सांगते. पहिल्या खेपेला आवाजाची पातळी कमी पडल्यामुळे त्याने नकार दिला, दुसऱ्या खेपेला होकार. तो होकार मिळाल्याखेरीज मी सोल्डरिंग आयर्न तापविले नाही. नवी बॅटरी मी थेट न जोडता बैठकीत बसविली, म्हणजे पुढच्या वेळी डाख उकलावा लागणार नाही. मग मागची साठा-रक्षक कळ उघडून नाद आत भरले आणि वही उघडून बॅंक ३, क्रमांक ५ दाबला. बासरी आली. पुढे काय झाले ते सांगण्याचे कारण नाही.

भोकाचा प्रश्न त्यानंतर आपोआपच सुटला. जुनो-६० च्या पाठीमागे आर्पेजिओसाठी बाहेरचा स्पंद घेण्याची खाच मुळातच आहे. बाहेरून एक स्पंद आला की एक स्वर पुढे, असा तिचा सरळ हिशेब आहे. ८०८ असते तर काहीच करावे लागले नसते. त्याला काऊबेल, टाळी आणि आघात ह्यांचे वेगळे स्पंद बाहेर देणाऱ्या खाचा आहेत. त्यांतील एकीची तार जुनोला लावावी आणि काऊबेलचा ठेका ज्या मात्रांवर बसवाल त्याच मात्रांवर स्वर वाजतात. ६०६ लाही अशा दोन खाचा आहेत, पण त्या टॉमच्या. आणि मुलाला टॉम ठेक्यासाठी हवे होते. म्हणून आम्ही गोल सॉकेटातून निघणारे २४ स्पंद घेण्याचे ठरविले. ते जसेच्या तसे जुनोला दिले तर मात्रेला २४ स्वर, म्हणजे नुसता गोंगाट. त्यांना सहाने भागले की मात्रेला चार स्वर मिळतात.

भागाकाराचे हे काम ४०१७ नावाची एक स्वस्त चिप करते. लॅमिंग्टन रोडवर ती सहज मिळते. तिला दहा पाय बाहेर देणारे आहेत, शून्यापासून नऊपर्यंत. स्पंद आला की वीज एका पायावरून पुढच्या पायावर सरकते. सहाव्या पायाची तार परत आरंभाकडे, म्हणजे रीसेटकडे नेली की ती शून्य ते पाच असे सहाच मोजते. येथे एक बारकावा आहे आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. बाहेर न्यावयाचा स्पंद पुष्कळजण शून्याच्या पायावरून घेतात. तसे केले तर तालयंत्र सुरू झाल्यावर पहिला स्वर सहाव्या स्पंदाला येतो, आणि सम हुकते. तो एकच्या पायावरून घ्यावा. यंत्र थांबलेले असताना चिप शून्यावर उभी असते. पहिल्या स्पंदाबरोबर ती एकवर येते आणि स्वर समेवर पडतो. मात्र थांबलेले असताना ती शून्यावरच उभी राहिली पाहिजे. त्यासाठी गोल सॉकेटाच्या पहिल्या खिळ्यावरची आज्ञा एका ट्रान्झिस्टरने उलटी करून, दोन डायोडांच्या द्वारे सहाव्या पायाच्या तारेसह रीसेटला दिली की काम झाले. ही एक तार न जोडता सोडून दिलेली यंत्रे मी पाहिली आहेत. ती लयीत चालतात, पण दर वेळी निराळ्या ठिकाणापासून सुरू होतात. गवयाने सम सोडून भलत्याच मात्रेवर मुखडा घ्यावा तसे ऐकू येते. सहाऐवजी आठव्या पायावरून रीसेट घेतले तर मात्रेला तीन स्वर मिळतात. मुलाने ह्यासाठी एक कळ मागून घेतली.

हे सर्व आम्ही नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या एका वेगळ्या डबीत बसविले; दाब पाचावर आणण्यासाठी ७८०५ वापरला. आजोबांच्या वाद्याच्या पत्र्याला ओरखडाही आला नाही. ज्या वाद्यांना अशी खाच नसते तेथे आतील स्पंद तोडून बाहेरचा घ्यावा लागतो. त्यासाठी असे सॉकेट वापरावे की, प्लग काढला की वाद्य आपले पूर्ववत् चालू लागेल. आणि भोक पाडणे अपरिहार्यच झाले तर मालकाची लेखी संमती घ्यावी, असा माझा शिरस्ता आहे. काही तरुण कारागीर ह्याला म्हाताऱ्याचा हेकेखोरपणा म्हणतात. म्हणोत. तोडलेली तार जोडता येते; पत्र्याचे भोक बुजत नाही.

मूगच्या जुन्या वाद्यांबद्दल एकच सूचना. १९७० साली निघालेला मिनिमूग हा बाहेरून येणाऱ्या दाबाने चालत नाही. त्याची तार जमिनीला टेकली की तो स्वर धरतो. रोलॅंडचा स्पंद त्याला सरळ दिला तर काहीच घडत नाही. मध्ये एक ट्रान्झिस्टर आणि एक रेझिस्टर घातला की भाषांतर होते. खर्च एका चहाचा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी शेवटी ठेवली आहे, कारण ती लक्षात राहावी. जपानातून थेट आणलेली पुष्कळ वाद्ये १०० व्होल्टवर चालतात. आपल्या घरातील वीज २३० ची आहे. अनेक वडील मंडळी दाब उतरविणारा एक जड ट्रान्सफॉर्मर वाद्याबरोबर ठेवीत असत. वारसांना तो काय आहे ते ठाऊक नसते. तो भंगारात जातो, वाद्य भिंतीतील प्लगला लागते आणि क्षणात धूर निघतो. म्हणून माळ्यावरून वाद्य खाली काढाल तेव्हा प्लग लावण्याच्या आधी मागच्या पट्टीवरील आकडा वाचावा. न वाचता आल्यास जाणकाराला दाखवावे. आतील बॅटरी फुटून हिरवट चिकटा आला असेल तर तो स्वतः खरवडू नये.

संस्थेच्या सभागृहात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी मी मीटर घेऊन बसावे, अशी सूचना अध्यक्ष महाराजांनी केली आहे आणि ती मी आनंदाने मान्य केली आहे. येताना वाद्य आणावे, त्याच्याबरोबरच्या वह्या व कॅसेटी आणाव्यात आणि तो जड ट्रान्सफॉर्मर सापडल्यास तोही आणावा.